भोंग्याचं गोत

आमच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे आणि तांड्याच्या पहिल्याच घरात बिजलीबाई राहते. पांढरकवड्याचा ऑटो तिच्या दारासमोर थांबतो, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्या तावडीत सापडतो. कोण, कुठला, कोणत्या गोताचा, कोणाकडे आला, कशाला आला, सगळी चौकशी होते. मी लग्न होऊन आले तेव्हा कापूस वेचता वेचता तिनं माझं अख्खं माहेर खोदून काढलं. मी कुणब्याची, तिच्या बोलीत 'कोर', म्हणजे परक्यातली. माझ्या गोताचा तिला काडीचा उपयोग नव्हता. पण विचारल्याशिवाय तिला घास उतरत नाही.

तिचा नवरा हिरासिंग ट्रक चालवतो. पांढरकवड्याहून कापसाच्या गाठी भरून हैदराबादला जातो. माणूस मनाचा चांगला, पण खेपेवरून परतला की बाजेवर बसून असा काही रस्ता सांगतो, की वाटावं हा गाठी पोचवून नाही, गड जिंकून आला आहे. त्यातही वाटेतल्या निर्मल गावाच्या अलीकडचा घाट म्हणजे त्याचा जीव की प्राण. "एका बाजूनं डोंगर, एका बाजूनं खाई, अन् मंधात मी! स्टेरिंग सुटलं का माणूस गेला!" तांड्यात आणखीही ड्रायव्हर आहेत. घाटाचा विषय निघाला की तेही गंभीर होऊन माना डोलावतात.

बिजलीबाईला एकच हौस होती. एकदा त्या गाडीत बसून तो घाट पाहायचा. दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी हिरासिंग म्हणायचा, "बाईमाणूस केबिनमधी बसलं का गाडी बिघडते." हे शास्त्र त्याला कोणी शिकवलं कोण जाणे. बिजलीबाई चिडायची. "माह्या आजीची आजी लदेणीच्या बैलाइच्या म्होरं चालत होती. मिठाच्या गोण्या घेऊन डोंगर उतरत होती. तवा एक बैल बिघडला नाही, अन् मी बसली का तुमचा ट्रक बिघडते?"

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलखामुलखांत न्यायचा बंजाऱ्यांचा जुना धंदा. बाया त्यात पुरुषांच्या बरोबरीनं चालायच्या. धंदा गेला, बैल गेले, चाकं आली आणि बाया घरी बसल्या. मला ह्याचा बिजलीबाईपेक्षा जास्त राग येतो, पण आमच्या घरचा ट्रॅक्टर तरी मला कुठे कोणी चालवू देतं!

अशात लेक रंजिता बाळंतपण आटोपून सासरी जाताना आपला जुना फोन आईला ठेवून गेली. त्यात ट्रकचा गेम होता. दुपारची भांडी झाली की बिजलीबाई ओसरीत बसून ट्रक हाकू लागली. 'हाकणं' हाच तिचा शब्द. पण गेममधले ट्रक विलायती, रस्ते विलायती, आणि भोंगा असा, की म्हशीला सर्दी झालेली बरी. मग तिला मॉडचा शोध लागला. मॉड म्हणजे गेममध्ये मुळात नसलेली वस्तू, आपल्याकडचा ट्रक म्हणा, रस्ता म्हणा, भोंगा म्हणा. कुणीतरी हौशी माणूस ती बनवून नेटवर ठेवतो आणि आपण ती उतरवून गेममध्ये बसवायची.

पहिल्याच खेपेला ती फसली. ज्या पानावर तिला ट्रक दिसला, त्यावर 'डाऊनलोड' लिहिलेली तीन-चार हिरवी बटणं होती. बाजारात मोठं वांगं उचलावं तसं तिनं सगळ्यात मोठं बटण दाबलं. ट्रक आलाच नाही. फोनवर पोट कमी करायच्या जाहिराती नाचू लागल्या. दिवसभर शेतात वाकणाऱ्या बाईला! शेवटी गेम पुसून पुन्हा टाकावा लागला आणि तिनं राबून कमावलेले सगळे ट्रक गेले. मग एके सकाळी कापसाच्या शेतात मध्येच उभी राहून म्हणाली, "आल्यागेल्या माणसाले मी गोत इचारतो म्हणतेत सारे. मंग त्या ट्रकले काहून नाही इचारलं मी?"

तेव्हापासून मॉड आणि सोयरीक ह्यांत तिनं फरक ठेवला नाही. कोणी बनवला? त्याचं आधीचं काही काम आहे, की हा कालच उगवला? ज्यांनी घेतला ते काय म्हणतात? वाहवा करणारे सगळे एकाच दिवशी लिहून गेले असतील तर ती नाक मुरडते, "हे भाड्याचं वऱ्हाड आहे." 'भोंगा चांगला, पण ब्रेक लागत नाही' असं लिहिणारा एखादा सापडला की तिला हायसं वाटतं, कारण कुरकुर करतो म्हणजे तो खरा माणूस. मग आपल्या गेमला तो मॉड चालतो का ते पाहायचं, उतरलेली फाईल तपासणीच्या अ‍ॅपमधून काढायची, बसवण्याआधी आपल्या जुन्या गेमची एक प्रत बाजूला ठेवायची. आणि एका वेळी एकच मॉड. "दोन सुना एकाच दिवशी आणल्या तं भांडण कोणी लावलं, हे कसं समजन?"

पण मॉडची खरी परीक्षा पुढेच. भोंगा आला तर त्यानं गेमच्या आत मुकाट बसावं. तो वेगळं अ‍ॅप बनून फोनमध्ये ठाण मांडायला निघाला, आणि वरून नंबर दाखवा, मेसेज दाखवा म्हणाला, तर त्याला दारातूनच हाकलायचं. "पाहुणा पाणी मागन, चहा मागन. कोठीची चाबी मागते तो कायचा पाहुणा?"

सावधपणा कुठे थांबवावा, हे मात्र तिला कळत नाही. फोनच्या कंपनीचं स्वतःचं अपडेट आलं, तेही तिनं कित्येक महिने दारात उभं ठेवलं, कारण त्याचं गोत लागेना. मी सांगून थकले की बाई, हा तर फोनचा रखवालदार आहे. "रखवालदार आहे तं एवढी घाई काहून करून राह्यला?" शेवटी रंजितानं फोनवरून झापलं तेव्हा त्याला घरात घेतलं.

हिरासिंगच्या ट्रकचा भोंगा सुरांचा आहे. हायवेवरून तांड्याकडे वळताना तो वाजला की बिजलीबाई चहाचं आधण ठेवते. तोच भोंगा तिला गेममध्ये हवा होता. चौकशीला आठवडा लागला. हिरासिंग हसून लोळला. "जवाई पाह्याले एवढा टाइम नाही लागला, अन् भोंग्याच्या सोयरिकीले आठ दिवस!" पण भोंगा बसला. मग त्याच रीतीनं एक घाटही बसला. निर्मलकडच्याच कुणीतरी बनवलेला, वळणावर वळण, खाली दरी. बिजलीबाई त्या घाटातून भरला ट्रक कुठेही न घासता उतरवू लागली.

हे हिरासिंगनं ढाब्यावर थट्टेनं सांगितलं. त्यावर त्याचा जोडीचा ड्रायव्हर खेमसिंग म्हणाला, "मंग वहिनीलेच दे ना गाडी, बावा. तू तं परवा टोलचा खांब घासला." सगळे हसले. हिरासिंगला ते फार लागलं.

ड्रायव्हरांच्या ग्रुपवर तेव्हा एक लिंक फिरत होती. ट्रकचा गेम, सगळे ट्रक मोकळे, सगळे घाट मोकळे, फुकट. हिरासिंगनं ठरवलं, बायकोला आता दाखवतोच. मर्दाला चौकशी कशाला लागते! त्यानं दाबलं. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलं आहे, बसवू? बसव. नंबर दाखवू? दाखव. मेसेज वाचू देऊ? वाच. फोनचा सगळा ताबा देऊ? घे बावा, तोही घे. एवढा उदार तो लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिरासिंगच्या नंबरावरून तांड्याचे नायक सेवादास, ट्रकचे मालक आणि रंजिताचे सासरे, सगळ्यांना एकच मेसेज गेला. 'हे दाबा, फुकट मिळवा.' सोबत अर्धवट कपड्यांतल्या एका बाईचं चित्र. फोन तव्यासारखा तापला आणि आपोआप उघडू-मिटू लागला. खेपेचे कागद, मालकाचे निरोप, बँकेचं खातं, सगळं त्याच फोनात. मालकानं खेमसिंगकडून निरोप धाडला, की हे निस्तरलं नाही तर गाडी दुसऱ्याच्या हाती देतो.

मी तेव्हा बिजलीबाईकडे ताक मागायला गेले होते. हिरासिंग दारात आला. एरवी वर वळलेली मिशी पार खाली आली होती. "अवं, पाहून दे ना जरा."

बिजलीबाईनं फोनला हात लावला नाही. "कोणी बनवलं?"

"मले काय मालूम."

"काय काय मागतलं त्यानं?"

"सारंच."

"अन् तुमी?"

"देल्लं."

बिजलीबाई म्हणाली, "पाहून देतो. पण मले घाट दाखवा लागन. केबिनमधी बसवून."

"बाईमाणूस बसलं का गाडी..."

"अन् हा फोन कोणती बाई बसल्यानं बिघडला?"

मी ताकाच्या भांड्यात तोंड घातलं. हिरासिंग मुकाट हो म्हणाला.

तिनं आधी नेट बंद केलं, सिम बाहेर काढलं. माझ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवायला लावलं. दिलेला ताबा परत घेतल्याशिवाय ते अ‍ॅप निघत नव्हतं, म्हणून ताबा काढला आणि मग ते पुसलं. तरी तिचा विश्वास बसेना. रंजिताला विचारून फोटो तेवढे वाचवले आणि अख्खा फोन कोरा करून टाकला. मग माझा फोन नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाली, "आता एकेकाले लावा. म्हणा, मी दाबलं, तुमी दाबू नोका."

हिरासिंग घाटात कधी डगमगला नसेल, इथे घामाघूम झाला. "नायक, राम राम... तो मेसेज... मी दाबलं जी. तुमी दाबू नोका." नायक आधीच दाबून बसले होते. रंजिताचे सासरे म्हणाले, चित्र चांगलं आहे, पण व्याह्याला असं पाठवू नये. मी हसू आवरत घरी पळाले. ताक तिथेच राहिलं.

गाडी हिरासिंगकडेच राहिली आणि पुढच्या खेपेला बिजलीबाई ठेवणीतली साडी नेसून केबिनमध्ये चढली. पुढचं तिनं मला कापूस वेचताना सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाली, म्हणून फक्त तुम्हालाच सांगते.

आदिलाबाद मागे पडलं. "आला का घाट?" "म्होरं आहे." रस्ता चौपदरी, रुंद, मधोमध फुलझाडं. ट्रक सरळ चालला होता. ती दांडा घट्ट धरून बसली होती. "आला का?" निर्मलची पाटी आली आणि गेली. पुढे चहाला थांबले, तेव्हा पेल्याकडे बघत तो म्हणाला, "होता. खरंच होता. मी लय खेपा काढल्या त्याच्यातून. मंग मोठा रोड झाला, घाट बाजूले राह्यला. आता निस्तं स्टेरिंग धरून बसा लागते. बोलाले कोणी नाही. गाठी खाली करा, वापस या. हे काय सांगू घरी येऊन?"

हे सांगताना बिजलीबाईचे हात बोंडावर थांबले. "मले वाटे, हा मले घाट दाखवत नाही. त्याच्यापाशी दाखवाले काहीच नोहतं वं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे मला कळण्याआधीची गोष्ट. ते परत आले तेव्हा मी तांड्यातच होते. भोंगा वाजला, आधण ठेवायला मात्र घरात कुणी नव्हतं. बाया ओसरीत जमल्या. शेजारच्या शकुबाईनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "कसा आहे वं घाट?"

बाजेवर बसून हिरासिंग चपला काढत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

भोंग्यालाही खऱ्याखोट्याची चौकशी केल्याशिवाय घरात न घेणारी ती बाई. तिनं पदर खोचला. "बापा रे! एका बाजूनं डोंगर, एका बाजूनं खाई. म्या तं डोळेच मिटले. पण ह्यांचा हात नाही हालला." मागे उभे असलेले ड्रायव्हर गंभीर होऊन माना डोलावू लागले.

बाया पांगल्या. हिरासिंग उठला आणि कोरा फोन त्यानं बायकोसमोर धरला. "तुह्याजवळचा तो घाट माह्या फोनमधी टाकून दे." मग घाईघाईनं म्हणाला, "पण गोत इचारून."

"बसा," बिजलीबाई म्हणाली. "आठ दिवस लागतीन."