खळग्यातली पिवळी फुलं

लडाखमधल्या त्या खिंडीत गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, एवढ्या थंडीत इथं काय उगवणार? पण रस्त्याकडेच्या खळग्यात, वितळत्या बर्फाच्या कडेनं, बोटभर उंचीची पिवळी फुलं दाटीनं उभी होती. शेजारचा उंचवटा मात्र अगदी बोडका, नुसते दगड.

"उलटं कसं हो?" मी ह्यांना विचारलं. "बर्फ तर खळग्यात साचतं."

"म्हणूनच." जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. "बर्फाखाली मुळं तगतात. उंचवट्यावरचं बर्फ वारा झाडून नेतो, मग थंडी थेट मुळांना भिडते."

मी त्या झाडून काढलेल्या उंचवट्याकडे बघत राहिले. आमची मुलगी, नीलू, गेली तेव्हा तेराव्यानंतर माझ्या बहिणींनी तिची खोली अशीच रिकामी केली होती. कपडे, चपला, कंगवासुद्धा. "समोर दिसलं की त्रास होतो गं," म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या. दुःख साचू नये म्हणून सगळे झटले, आणि मला पांघरायला काहीच उरलं नाही.

वारा वाढला. ह्यांनी पिशवीतून एक निळा मफलर काढला आणि माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. नीलूचा. इतकी वर्षं तो कुठं लपवला होता, मी विचारलं नाही. त्यात तोंड खुपसून खोल श्वास घेतला.

नुसता डांबरगोळ्यांचा वास आला.