पहिलं ‘नको’

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरपासून जवळ. मी बारामतीला इंजिनिअरिंग शिकते. घरातलं काही लिहायची मला सवय नाही. पण माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, बारामतीतल्या एका दवाखान्यात होते तेव्हाचं लिहून ठेवावंसं वाटतं. तोंडानं सांगायला गेले की मध्येच थांबायला होतं.

तात्यांना रक्ताचा आजार निघाला होता. औषध जबर होतं. ते चालू असताना बाहेरून आलेली साधी सर्दीही त्यांना झेपली नसती, म्हणून त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं होतं. आईला आणि मला आत सोडत नसत. पॅसेजमधून काचेतून बघायचं आणि बोलायचं ते फोनवर, तेही संध्याकाळी भेटीच्या वेळेत. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "वजन उतरता कामा नये. अंगात ताकद राहिली तरच पुढचा डोस देता येईल." त्यामुळे त्या दिवसांत आमच्यापुढं एकच प्रश्न होता. तात्या जेवले का?

जेवण रोबोट घेऊन यायचा. आत माणसांची ये-जा कमी व्हावी म्हणून दवाखान्यानं तो नवाच आणला होता. खाली चाकं, वर माणसासारखं धड, दोन हात, आणि तोंडाच्या जागी एक पडदा, त्यावर दोन डोळे. पाण्यानं भरलेला ग्लास तो न सांडता टेबलावर ठेवायचा. मला त्याचं फार कौतुक होतं. आमच्या प्रयोगशाळेत रोबोटच्या हाताची बोटं नुसती मिटवायला आम्ही किती झटतो ते मला माहीत होतं. हे सगळं मी तात्यांना फोनवर सांगायचे आणि ते काचेपलीकडून मान हलवायचे.

शेजारच्या खोलीत सुपे गावचे एक आबा होते. ते त्या रोबोटला जावई म्हणायचे. मधली भिंत पातळ होती, तिच्याआडून त्यांचं आणि तात्यांचं बोलणं चालायचं.

"जावईबापू आलं बगा तात्या. कपडं पांढरी, बोलणं मोजून मापून."

"जावई कुठला आबा? जावई आयतं खातो. ह्यो वाढतोय."

संध्याकाळी मी विचारायचे, "तात्या, जेवला का?" ते म्हणायचे, "व्हय की, जेवलो." पण वजन उतरत होतं. सिस्टर म्हणाल्या, या औषधानं अन्नावरची वासना जाते, बऱ्याच जणांचं ताट तसंच परत येतं. त्यांनी मळमळीची गोळी बदलून घेतली. त्यांचंही बरोबरच होतं. इतरांचं तसंच होत होतं.

एक दिवस दुपारचं प्रॅक्टिकल रद्द झालं म्हणून मी अवेळी गेले. रोबोट नुकताच आत शिरत होता. त्याचा आवाज काचेबाहेर ऐकू यायचा. "नमस्कार. जेवण आणलं आहे. आपण जेवणार का?" तात्या उठून बसले. त्यांनी ताटाकडे पाहिलं, आणि मग हात आडवा धरून काहीतरी म्हणाले. ते 'ऱ्हाऊ द्या' म्हणाले हे मला ओठांवरून कळलं. रोबोट म्हणाला, "ठीक आहे. आराम करा." त्यानं ताट उचललं, वळला आणि गेला. तात्यांचा हात तसाच हवेत राहिला होता. ते दाराकडे बघत होते.

मला सगळं एकदम कळलं, आणि इतके दिवस कसं लक्षात आलं नाही तेही कळेना.

आमच्याकडे कुणी जेवायला बस म्हटलं की लगेच बसत नाहीत. लहानपणी कुणाकडे गेलो की आई डोळ्यांनी दटावायची, आणि आम्ही पोटात कावळे ओरडत असले तरी 'नको, आत्ताच जेवून आलोय' म्हणायचो. मग घरातली बाई म्हणायची, असं कसं, घासभर तरी खा. मग पुन्हा नको, मग पुन्हा आग्रह, आणि मग पाट. पहिलं नको कुणी मोजतच नाही. आणि तात्या तर गावातले वाढपी. लग्न असो, जागरण असो, आमटीची बादली त्यांच्या हातात. पंगतीत कुणी पानावर हात आडवा धरला की ते हसत त्याच्या बोटांवरच आमटी ओतायचे, हात आपोआप बाजूला व्हायचा. उपाशी उठलेला माणूस त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

संध्याकाळी मी फोनवर म्हटलं, "तात्या, मी दुपारी बघितलं. तुमी जेवत न्हाय."

ते म्हणाले, "ते एकदाच इचारतंय गं."

"मग पहिल्यांदाच व्हय म्हणायचं."

"व्हय म्हणायचं म्हंजी मागून खाल्ल्यासारखं हाय." मग म्हणाले, "काल मी त्यालाच इचारलं, तू जेवला का म्हणून. ते म्हणालं, समजलं नाही."

फोनमधून पलीकडच्या आबांचा आवाज आला. "मी तर ते दारात दिसलं की दे बाबा म्हणतो. लाजून कुणाचं पोट भरलंय व्हय तात्या?" तात्या हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सिस्टरनी आता दुपारीही उभं राहू दिलं होतं, आई काचेबाहेरून हात जोडून दाखवत होती. त्यांनी आईकडे बघून 'व्हय' म्हणायचा प्रयत्न केला असावा. तोंड उघडलं, आणि सवयीनं हात आडवा गेलाच. सिस्टरना जमेल तेव्हा त्या स्वतः जाऊन दोन घास खायला लावायच्या. पण त्यांच्याकडे आणखी एक वॉर्ड होता.

रोबोट सांभाळायला कंपनीचा एक मुलगा पुण्याहून यायचा. फार तर माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा असेल. मी भीत भीत त्याला गाठलं आणि आमच्याकडच्या आग्रहाचं सांगितलं. सांगताना मला ते फार गावंढळ वाटत होतं. तो हसला नाही. म्हणाला, "पेशंटनं नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे जबरदस्ती होते, म्हणून आम्ही एकदाच ठेवलंय. पण तुम्ही म्हणता तसं करून बघता येईल. वरून परवानगी घेतो. त्यानं काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा."

मी आईला विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, "'अर्धी तरी घ्या' म्हणावं. आख्खी भाकरी म्हटलं की माणूस भितो. आन् 'तुमच्यासाठीच केलंय' म्हणावं."

परवानगी आली. तात्यांनी पहिल्यांदा नको म्हटलं की रोबोट आता जात नव्हता. तो म्हणायचा, "असं कसं, अर्धी तरी घ्या." पुन्हा हात आडवा आला की, "तुमच्यासाठीच केलंय. एक घास." तिसऱ्यांदा म्हटल्यावर तात्या हसले, हात बाजूला घेतला आणि भाकरी मोडली. काचेबाहेर आईनं पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळी फोनवर त्यांचा आवाजच वेगळा होता. "आज ते लई मागं लागलं. कुणी शिकीवलं?" मी आईकडे बोट दाखवलं.

त्या आठवड्यात वजन उतरायचं थांबलं. सुप्याच्या आबांनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं, जावयाला आता माणसाची रीत कळाया लागली. पुढचा डोस द्यायचं ठरलं. मला वाटलं, आता तात्या घरी येणार. मी कॉलेजात मैत्रिणींना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

डोस दिला, आणि तो त्यांना मानवला नाही. आजारच पुढं गेला होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आधीचे उपाशी दिवस त्याला कारण नव्हते, असंही म्हणाले. त्यांच्यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलं आहे. कधी जमतं, कधी नाही.

तात्यांच्या तोंडात, घशात फोड आले. पाणी गिळताना डोळे मिटायचे. सलाइनमधून जेवढं जाईल तेवढं जात होतं, तरी डॉक्टर म्हणत होते, तोंडानं थोडं गेलं तर बरं. मऊ भात, पेज असं काहीतरी रोबोट आणायचा. एका दुपारी मी आणि आई काचेपाशी उभ्या होतो. रोबोटनं विचारलं. तात्यांनी नको म्हटलं. हात उचललाच नाही, नुसती मान हलवली. तो म्हणाला, असं कसं, थोडं तरी घ्या. त्यांनी पुन्हा मान हलवली. तो म्हणाला, तुमच्यासाठीच केलंय, एक घास.

तात्यांनी चमचा तोंडात घेतला. कुणी तिसऱ्यांदा म्हटल्यावर ताट परत पाठवायचं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. तो घास त्यांनी तसाच तोंडात धरून ठेवला. गिळता येईना, थुंकता येईना. डोळ्यांतून पाणी आलं. रोबोट म्हणाला, "छान. अजून एक."

मी धावत सिस्टरना बोलवायला गेले. त्यांनी आत जाऊन तात्यांचं तोंड पुसलं.

संध्याकाळी मी त्या कंपनीच्या मुलाला फोन लावला. म्हटलं, "आमच्या तात्यांना आता एकदाच विचारू दे." त्यानं का ते विचारलं नाही. बरं म्हणाला.

आई शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "इचारायचं बंद करायचं म्हंजी आपण त्यांना सोडलंच की."

"आई, त्यांना गिळता येत न्हाय."

"ते मला दिसतंय," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोबोट आला. त्यानं एकदा विचारलं. तात्यांनी मान हलवली. "ठीक आहे. आराम करा," असं म्हणून त्यानं वाटी उचलली आणि तो निघाला. तात्या दाराकडे बघत राहिले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, खांदे सैल सोडले, आणि किती तरी दिवसांनी शांत झोपले. आई काचेला हात लावून उभी होती. आवाज आत जात नाही हे तिला माहीत होतं, तरी ती हळू आवाजात म्हणत होती, "घ्या की थोडं. घासभर तरी घ्या."