डागांसकट

छत्तीस वर्षांची झाली तरी आमच्या स्टुडिओत तिला सगळे बारकीच म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी कामाला आली तेव्हा कॅमेऱ्याच्या तिपाईपेक्षा जाड नव्हती, म्हणून हे नाव पडलं. तिच्याबद्दल लिहावं असं कधीचं मनात होतं, पण फोटोच्या मागे तारीख टाकण्यापलीकडे मी फारसं लिहिलेलं नाही. आज बसलो, कारण राग गेलेला नाही. त्यातला बराचसा लोकांवरचा आहे, थोडा स्वतःवरचाही.

ओळखपत्राचे फोटो काढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. रडणारं मूल, फ्लॅशच्या आधीच डोळे मिटणारे आजोबा, ओठ आवळून बसलेली बाई, बारकी समोर उभी राहिली की सगळी दोन मिनिटांत सरळ होतात. चाळीस वर्षं कॅमेरा धरून मला ते जमलं नाही.

तिशी उलटल्यावर तिच्या जबड्यावर आणि हनुवटीवर पुटकुळ्या यायला लागल्या. कोवळ्या वयात येतात तशा बारीक नव्हेत. आत खोल, वाटाण्याएवढ्या गाठी, महिनामहिना ठाण मांडून बसणाऱ्या. एक गेली की शेजारी दुसरी, आणि गेलेलीच्या जागी तपकिरी डाग.

मग सल्ले सुरू झाले. माणसाचा पाय मोडला तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतात, चेहऱ्यावर फोड आला तर प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर होतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आई म्हणाली तेलकट बंद कर, तिने बंद केलं. शेजारणीने पाणी पी म्हटलं, ती बाटल्याच्या बाटल्या रिचवायला लागली. एका गिऱ्हाइकाने लिंबू चोळायला सांगितलं, दुसऱ्याने टूथपेस्ट. मावशीने लग्न झालं की जाईल म्हणून सांगितलं, जणू नवरा म्हणजे मलमच. आणि तोंड नीट धूत जा, हे तर येणाराजाणारा सांगायचा, जसं काही ही बाई छत्तीस वर्षं न धुता फिरत होती. ती दिवसातून सहा वेळा धुवायची. कातडी सोलवटून निघाली, गाठी जिथल्या तिथे.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने वेगळाच प्रकार केला. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही, सरळ एक ट्यूब पुढे केली आणि दहा दिवसांत चेहरा काचेसारखा होईल म्हणाला. झालाही. बारकी त्या दिवसांत गुणगुणत काम करायची. ट्यूब थांबवली की दुप्पट उठायचं, मग पुन्हा ट्यूब. अशी दोन वर्षं गेली. गाल पातळ, लालभडक झाले, ऊन लागलं की भाजायचे. औषधवाला मात्र सांगायचा, ताई, तुम्ही मध्येच सोडता म्हणून होतं.

अशातच एका लग्नाच्या ऑर्डरसाठी आलेली मुलीची आई तिच्यादेखत मालकांना म्हणाली की हिच्याच तोंडाची ही तऱ्हा, आमच्या मुलीचे फोटो ही काय धड काढणार. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. मी त्याला कडेवर खेळवलेला आहे, पण आता अहो-जाहो करतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारकीला सांगितलं, काही दिवस आत बस, चेहरा बरा झाला की ये बाहेर. मी तिथेच लेन्स पुसत उभा होतो. पुसलेलीच लेन्स पुन्हा पुसत होतो.

आतली खोली म्हणजे संगणक, प्रिंटर आणि भिंतीला टेकलेले कागदाचे गठ्ठे. खिडकी नाही. तिथे बसून बारकी दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांवरच्या पुटकुळ्या पुसायची. एवढी क्रूर चेष्टा कोणी ठरवून केली नसती.

शेवटी तीच एकदा सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात जाऊन आली. तीन तास रांगेत बसली होती. डॉक्टरीणबाईंनी चेहरा चाचपून पहिला प्रश्न विचारला, दुखतं का? हे मला सांगताना बारकीने डोळे टिपले. दुखायचंच. कुशीवर झोपता यायचं नाही, फोन गालाला लावता यायचा नाही. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून रोज डबा खात होतो, मीही नाही.

बाईंनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होतं, वरून दाबणारं आणि आतून नासवणारं. ती बंद. रात्री वाटाण्याएवढं मलम घेऊन सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचं, सोबत गोळ्या, रक्ताची तपासणी. हा आजार आहे, तुमचा गलथानपणा नव्हे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पहिल्या दोन महिन्यांत वाढल्यासारखं वाटेल, चार महिन्यांच्या आत निकाल लावायचा नाही. रोज आरसा बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा, असंही म्हणाल्या.

फोटोचं काम मी अंगावर घेतलं. एवढं तरी आपल्याला जमेल असं वाटलं. जमिनीवर खडूने खूण केली, दिवे मोजून लावले. बारकीने एकच अट घातली. मला दाखवू नका काका, पाकिटात घाला. मी पाच फोटो पाकिटात घातले, पहिल्या दिवसाचा एक आणि नंतरचे चार. तिने ते न उघडता डॉक्टरांपुढे ठेवले.

त्या दिवशी दुपारी ती परत आली ती सरळ माझ्यासमोर. पाकीट टेबलावर उपडं केलं.

“काका, ही कोण आहे?”

पाचही फोटोंत चेहरा स्वच्छ होता. मी पुसला होता.

आमच्या धंद्यात न पुसलेला फोटो हातात देणं म्हणजे शिंप्याने दोरे लोंबणारा सदरा देणं. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने, बारीक ब्रशने एकेक ठिपका भरायचो, आता संगणकावर. फोटो उघडला की हात आपसूक चालतो. पण नुसती सवय म्हणालो तर ते पुरतं खरं नाही. मला तिला तसं बघवत नव्हतं.

दवाखान्यात काय झालं ते तिने सांगितलं. फोटोंत काचेसारखा चेहरा आणि समोर मात्र गाठी. रोज शेकडो चेहरे बघणाऱ्या बाईंना तिचा पहिल्या दिवसाचा चेहरा आठवत नव्हता; त्यांना वाटलं, हिने चार महिने चोरून तीच ट्यूब लावली आणि आता थांबवल्यावर पुन्हा उठलं. भरल्या खोलीत त्या तिला खूप बोलल्या. पुढच्या वेळी औषध बदलावं लागेल, आहे ते काही उपयोगाचं दिसत नाही, असं म्हणाल्या.

“सगळ्यांनी मला घाणेरडी म्हणून झालं,” बारकी म्हणाली. “खोटारडी व्हायची राहिले होते.”

मग तिने पर्स उघडून एक नवी ट्यूब माझ्यापुढे ठेवली. येताना कोपऱ्यावरून घेतली होती. चार महिने काहीच फरक नाही, निदान हिने दहा दिवस तरी माणसात येते, असं ती अगदी शांतपणे म्हणाली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मूळ फोटो कधी पुसून टाकायचा नाही, ही फिल्मच्या काळातली शिस्त. पाचही होते. मी छापले, जसेच्या तसे, आणि तिला म्हणालो, उद्यापर्यंत ट्यूब उघडू नकोस, मी येतो तुझ्याबरोबर.

मला चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी रांगेत बसून वाक्य घोकत होतो आणि आत गेल्यावर विसरलो. एवढंच म्हणालो, “बाई, खोटं मी केलं. हिने नाही.” आणि फोटो ओळीने मांडले.

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्या पेनाच्या टोकाने गाठी मोजायला लागल्या. पहिल्या दिवशी एकतीस. महिन्याने अडतीस. मग सत्तावीस, अठरा, अकरा. बारकी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. अकरा झाल्यावर म्हणाली, पुन्हा मोजा. त्यांनी पुन्हा मोजल्या. अकराच.

“लागू पडतंय,” बाई म्हणाल्या. “आजोबा, तुम्ही आज आला नसता तर मी चालतं औषध बदललं असतं.” मग त्या बारकीकडे वळल्या, आधी विचारायला हवं होतं मी, असं म्हणून त्यांनी माफी मागितली. आजवर तिच्या चेहऱ्याबद्दल तिची माफी मागणारं हे पहिलंच माणूस.

बारकी येताना औषधवाल्याकडे थांबली आणि सील न फोडलेली ट्यूब परत केली. मी त्याला विचारलं की चिठ्ठीशिवाय हे देताच कसं. लोकच मागतात हो, म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला अजून कोणी काही केलेलं नाही.

पुढच्या महिन्यात एका सकाळी बारकीने आतलं स्टूल उचललं आणि काउंटरमागे आणून ठेवलं. जबड्यावर अजून सहा-सात होत्या. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पूर्ण गेलं नाही ना अजून? थांब की थोडे दिवस.”

“फोटो काढायला हात लागतात,” बारकी म्हणाली. “ते बरे आहेत.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं ते मी नेहमीसारखा गप्प राहीन म्हणून. मी म्हणालो, “मालक, गिऱ्हाइकांसाठी कोणीतरी आत बसायलाच हवं असेल तर मी बसतो. माझं तोंड बघायला तसंही कोणी येत नाही.” आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन बसलो.

तेव्हापासून ती बाहेर आणि मी आत. फोटो पडद्यावर आला की मी बाहेर डोकावून गिऱ्हाइकाला विचारतो, डाग पुसू की राहू देऊ? बहुतेक जण पुसा म्हणतात. मी पुसतो. पण विचारल्याशिवाय आता हात लावत नाही.