सहाव्या चौकोनातलं झाड

इंदू मॅडमना शिल्पाकडे मीच घेऊन गेले होते, त्यामुळं पुढं जे झालं त्यात थोडा हात माझाही आहे.

लोह्यात आमचं घर तिच्या घरासमोर. मी शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. दुपारी खिडकीत बसलं की तिचं दार दिसतं, आणि दारात उजेडाकडं तोंड करून बसलेली शिल्पा दिसते. मांडीवर मॅटीचं कापड, त्याला ताणून धरणारी गोल रिंग, तोंडात दोऱ्याचं टोक. मॅटी म्हणजे जाड, जाळीदार विणीचं कापड. त्याची भोकं मोजून फुल्या घालायच्या, आणि हजारो फुल्यांमधून एक चित्र उभं करायचं. क्रॉस स्टिच म्हणतात त्याला. शिल्पा हे बिलोलीला, माहेरी, थोरल्या वहिनीकडून शिकली. लग्नानंतर पंधरा वर्षं पेटीत पडून होतं सगळं. मग एकदा माझ्या दाराला तिनं तोरण करून दिलं, ते बघून कुणीतरी विचारलं, आणि ऑर्डरी येऊ लागल्या.

घरात तशी माणसं कमी. नवरा व्यंकट सकाळीच मोटरसायकलवर शेताकडं जातो. मुलगा सत्यम लातूरला, अकरावी सायन्सला. दर रविवारी त्याचा डबा बसनं जातो. उरल्या सासूबाई, लक्ष्मीबाई. शिल्पा त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांना हल्ली आठवत नाही. चहा पिऊन कप खाली ठेवला की विचारतात, "अगं, आज चहा न्हाई का?" शिल्पा कधी कधी परत अर्धा कप करते. "देते की. माझं काय जातंय," म्हणते.

पण जातं. तिची वेळ जाते. एक ते चार एवढीच तिची वेळ.

संक्रांतीनंतर इंदू मॅडमच्या मुलीचं, मालविकाचं लग्न ठरलं. इंदू मॅडम शाळेत माझ्याबरोबर होत्या, अजून दोन वर्षं नोकरी आहे त्यांची. फार नीटनेटक्या बाई. त्यांना रुखवतात मांडायला काहीतरी वेगळं हवं होतं. चार फुटी पट्टी, तिच्यात सात चौकोन, सप्तपदीचे सात. अन्नाचं जोंधळ्याचं कणीस, बळाची बैलजोडी, धनाचा कलश, सुखाचा झोपाळा, संततीचा पाळणा, ऋतूंचं झाड, आणि सातव्या पावलाला नवरानवरी. चित्रांची आखणी शिल्पानंच केली, सत्यमच्या जुन्या आलेखाच्या वहीत.

"मेपर्यंत होईल ना?" मॅडमनी विचारलं.

"हाव, होईल की," शिल्पा म्हणाली. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे हळदीचे दिवस. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची. शेतात आठदहा गडी आणि त्यांच्या भाकरी शिल्पाच्या अंगावर. सकाळी मी दूध घ्यायला निघाले की तिच्या भाकरी थापण्याचा आवाज येई, आणि परत आले तरी चालूच असे. तीन चौकोन झाले तोवर मार्च अर्धा संपला होता.

आखणीचा कागद तिनं चुलीशेजारच्या भिंतीला लावला होता. किती ओळी झाल्या हे लक्षात राहावं म्हणून झालेल्या ओळीवर ती टिकली चिकटवायची. आत्याबाईंनी हाक मारली, दारात कुणी आलं, कुकरची शिट्टी झाली, तरी परत येऊन टिकलीपासून पुढं सुरू करता येई. एका दुपारी ती डबा पोचवायला स्टँडवर गेली असताना आत्याबाईंना भिंतीवरची ती टिकली दिसली. कुंकवाचा असा अपमान त्यांना बघवला नाही. त्यांनी ती काढली, पदरानं पुसली आणि कागदावरच वर, मधोमध, नीट जागा बघून लावली. देवाच्या तसबिरीला लावावी तशी.

शिल्पा आली आणि टिकलीपासून पुढं टाके घालत बसली. दोन दुपारी. तिसऱ्या दिवशी बघते तर झोपाळ्याची एक साखळी दुसरीपेक्षा बोटभर लांब. झालेल्याच ओळी परत भरल्या गेल्या होत्या, आता दोन दुपारींचं काम उसवायचं.

मी तेव्हा तिथंच होते. तिनं आरडाओरडा केला नाही. कापड घडी करून फळीवर ठेवलं आणि मोरीत जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी. आत्याबाई दारातून विचारत होत्या, "काय झालं गं? कुणी बोललं का तुला?"

"न्हाई आत्याबाई. कुणी न्हाई बोललं."

संध्याकाळी व्यंकट आला तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. व्यंकट वाईट माणूस नाही. दमलेला होता, हात हळदीनं पिवळे. म्हणाला, "बेजार होऊन राहिलीस खामखा. देऊन टाक परत. फुल्याच तर हायेत."

"तुमची हळद पण मुळ्याच हायेत की," शिल्पा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गड्यांच्या भाकरी गावातल्या एका बाईकडून घ्यायची व्यवस्था त्यानं केली. त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. शिल्पाला ते माझ्याकडून कळलं, कारण ती बाई माझ्याकडे सांगत आली.

मार्च संपता संपता मालविका लोह्यात आली. पुण्यातली नोकरी सोडली होती. लग्नानंतर लातूरला एका कॉलेजात शिकवणार होती. सव्वा महिना घरी मोकळी होती. एका दुपारी ती शिल्पाच्या दारात उभी राहिली.

"काकू, मला शिकवाल? थोडं मी करते."

शिल्पाला वाटलं, मुलगी कामाचा अंदाज घ्यायला आली. पण ती खाली सतरंजीवर बसलीच. तेव्हा शिल्पानं तिला सहाव्या चौकोनातली झाडाची पानं दिली. सगळी एकाच हिरव्या रंगाची, मोजणं कमी. मालविकानं दोन तास मान वर न करता पानं भरली. खूश होऊन गेली.

ती गेल्यावर शिल्पानं कापड उजेडात तिरकं धरलं. फुलीत खालचा टाका एकीकडं आणि वरचा दुसरीकडं झुकलेला असतो. वरचे सगळे टाके एकाच बाजूला झुकले तरच काम एकसारखं चमकतं. मालविकाचे कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं. शिल्पानं लहान कात्री घेतली आणि सगळी पानं उसवली. चौथ्या दिवसापर्यंत स्वतःच्या हातानं परत भरून टाकली.

मालविका पुन्हा आली तेव्हा तिला ते लगेच दिसलं.

"काकू, माझी पानं कुठंयत?"

शिल्पा सुईत दोरा ओवायला लागली.

"उसवलीत?"

"घाई होती माय. तुझ्या आईला असलं वाकडं चालत न्हाई. माझं नाव खराब होतंय."

मालविकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठून गेली नाही. म्हणाली, "लग्नात मावशी माईकवर सांगणार, हे सगळं नवरीनं स्वतःच्या हातानं केलंय. आमच्याकडं सगळ्यांच्याच लग्नात सांगतात. मला ते खोटं ऐकत उभं राहायचं नाही. आणि तुमचं नाव कुणी घेणारच नाही, ते तर त्याहून वाईट. निदान एक झाड तरी खरं माझं असू दे."

शिल्पानं नंतर मला सांगितलं, "बाई, म्या तवा लई लाजले. उसवताना मला काहीच वाटलं न्हवतं. माझ्या हातचं कुणी न सांगता उसवलं असतं तर म्या जेवले नसते."

तिनं त्या दिवशी स्वतः भरलेली पानं उसवून घेतली. मालविकाकडूनच, तिच्या हातात कात्री देऊन. मग पहिल्यापासून शिकवायला बसली. सुई आधी कुठून वर काढायची, खालचे टाके एका ओळीत घालून मग परतताना वरचे कसे टाकायचे, दोरा पिळला तर सुई उलटी सोडून तो आपोआप कसा सुटू द्यायचा. आठवडाभर रोज. पण शिल्पाची वेळ तीच, एक ते चार. शिकवायला गेली तर सातवा चौकोन राहतो.

हे मालविकाच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवसापासून ती आली की आधी आत्याबाईंचा चहा करायची. त्यांनी परत मागितला की परत. त्यांच्या नखांना तिनं मेंदी लावून दिली. लसूण सोलला. एकदा कणीक मळली ती इतकी सैल झाली की शिल्पानं त्याची धिरडी केली. आत्याबाई तिला प्रत्येक दिवशी नव्यानं विचारायच्या, "तू कुणाची गं?" आणि ती प्रत्येक दिवशी नव्यानं सांगायची.

माझ्या खिडकीतून आता त्या दारात दोन डोकी दिसायची. एक झाडावर वाकलेलं, एक नवरानवरीवर. चार फुटी पट्टीचं शेवटचं टोक दोघींच्या जुळलेल्या मांड्यांवर.

लग्नाला पाच दिवस होते तेव्हा इंदू मॅडम पट्टी घ्यायला आल्या. मालविका पाहुण्यांना द्यायच्या साड्या बघायला नांदेडला गेली होती. मॅडमनी पट्टी दारात उजेडात धरली, अगदी शिल्पा धरते तशीच. एकेक चौकोन बघत गेल्या आणि झाडावर थांबल्या.

"शिल्पा, ही पानं वेगळी दिसतात. काही ठिकाणी उलटी चमकतात."

"हाव मॅडम. ती मालविकाताईनं केली."

"ते कळलं मला. पण लातूरचे सगळे सासरचे लोक बघणार. एवढी पानं तेवढी नीट करून दे. पाच दिवस आहेत."

मी तिथंच होते. मला वाटलं, ती "होईल की" म्हणणार. शिल्पानं पदराला हात पुसले.

"मॅडम, म्या एकदा उसवलीत ती. आता न्हाई उसवणार. तुम्हाला नको असतील तर दुसऱ्या कुणाकडून उसवून घ्या. पण तिला विचारून उसवा."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांना असं कुणी बोलत नाही, शाळेतही नाही. पट्टी गुंडाळली आणि निघाल्या. जाताना माझ्याकडं एकदा बघितलं, जणू मीच शिकवलं होतं शिल्पाला. त्या दिवशी शिल्पा भाजीत मीठ घालायला विसरली. "पुढची ऑर्डर आता कशाची येती," म्हणाली. पण आवाजात पस्तावा नव्हता.

लग्न नांदेडला एका मंगल कार्यालयात होतं. पत्रिका शिल्पालाही आली. आत्याबाईंना एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून ती नाहीच म्हणत होती. व्यंकट म्हणाला, "म्या थांबतो घरी. तू जा. बघून तर ये कसं दिसतंय." त्यानं त्या दिवशी शेताला सुट्टी दिली. मी आणि शिल्पा सकाळच्या बसनं गेलो. तिनं आपली एकुलती एक रेशमी साडी नेसली होती आणि बसमध्ये तिचे हात रिकामे म्हणून ती सारखी पदराची कड मोजत होती.

रुखवत एका लांब टेबलावर मांडलं होतं. साखरेची फुलं, चकल्यांचा मनोरा, सुपाऱ्यांचे नवरानवरी. मागच्या भिंतीवर पट्टी, काचेच्या फ्रेममध्ये. झाड जसं होतं तसंच. फ्रेमखाली एक छोटं कार्ड टेकवलं होतं, मालविकाच्या अक्षरात:

"कशिदा: शिल्पा व्यंकट, लोहा. झाडाची पानं: मालविका."

मावशींनी माईकवर जे सांगायचं ते सांगितलंच, "आमच्या मालूनं सगळं स्वतः केलंय." पण बायका पुढं येऊन कार्ड वाचत होत्या आणि "शिल्पा कोण?" विचारत होत्या. शिल्पा माझ्यामागं उभी राहिली. मी बाजूला झाले.

तेवढ्यात इंदू मॅडम आल्या. घाईत होत्या, घामाघूम. शिल्पाचा हात धरला आणि समोरच्या एका वयस्क बाईंना म्हणाल्या, "ह्याच शिल्पा." जेवल्याशिवाय जायचं नाही एवढं सांगून गेल्या. शिल्पानं दोन्ही हातांनी नमस्कार केला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "बाई, काच लावायला नको होती. काचेनं दोऱ्याची चमक मरती."

संध्याकाळी घरी आलो तर व्यंकटनं पिठलं केलं होतं, तळाला लागलेलं. आत्याबाई जेवून बसल्या होत्या आणि आपण जेवलोच नाही असं सांगत होत्या. शिल्पानं साडी बदलली आणि त्यांच्यापुढं परत ताट ठेवलं, थोडंसंच वाढून.

त्या लग्नानंतर तिला चार फोन आले. मागच्या आठवड्यात बिलोलीहून एक बाई आल्या, स्वतः, गाडी करून. दिवाळी झाली की मुलीचं लग्न, मोठी फ्रेम हवी होती. मी अंगणात लिंबू वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"दिवाळीपर्यंत न्हाई जमणार ताई," शिल्पा म्हणाली. "श्रावणात आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. त्यांच्यापाशी म्याच लागते. लग्न माघात धरत असाल तर घेते. आणि मुलीला दोनतीनदा पाठवा, तिचाबी हात लागू द्या."

बाई म्हणाल्या, विचारून सांगते. शिल्पानं त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आली, आणि आत जाऊन शेपूची जुडी निवडायला बसली.