पदर न घेणारं भूत

मी चौथी शिकलो. पुढं शिकलो नाही, कारण मास्तरांचं आणि माझं जमलं नाही, आणि चूक मास्तरांची होती. पण धुळ्याच्या अलीकडं पांझरेच्या काठानं जी गावं आहेत, तिथं कोणालाही विचारा, भगत कोण? माझंच घर दाखवतील. कपाशी पोटासाठी, भगतपण मानासाठी. बाई घुमायला लागली, पोरगी बोलेनाशी झाली, की माणसं माझ्या ओट्यावर. मी अंगारा लावायचो, लिंबाचा पाला हाणायचो आणि आत जे कोणी बसलंय त्याला दरडावून विचारायचो, "कोन शे तू?" नाव सांगितलं की निम्मं काम झालं. नाही सांगितलं, तर निखाऱ्यावर सुक्या मिरच्या टाकायच्या आणि त्या धुरापुढं बसवायचं. धुरापुढं सगळे बोलतात. मला बसवलं तर मीही बोलेन.

आता आमच्या घरची रीत सांगतो. सून सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, आणि काही बोलायचं तर सासूच्या तोंडून. सून आमच्याकडं येऊन पाच वर्षं झाली होती, पण तिचा आवाज मी ऐकला तो भिंतीपलीकडूनच. चहा आला हे मला कपबशीच्या आवाजावरून कळायचं.

त्या साली, म्हणजे चार वर्षांमागं, तिचं दुसरं बाळंतपण आमच्या घरी झालं. मुलगा नोकरीला सुरतला. तेराव्या दिवशी सकाळी ही बाई बाजेवरून उठली, उघड्या डोक्यानं ओट्यावर आली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "आबा, तो रेडिओ बंद करा. बठ्ठं गाव मन्हं नाव ली राह्यनं."

रेडिओ बंदच होता, त्यात अख्खं गाव कुठून तिचं नाव घेणार. पण मला धक्का रेडिओचा नाही बसला, उघड्या डोक्याचा बसला. आमची सून अशी बोलणारच नाही. म्हणजे ही सून नव्हे, दुसरं कोणी आहे. झालं माझं निदान. मी बसल्या जागी विचारलं, "कोन शे तू?"

"मी शे. तुमनी सून."

"खोटं बोलू नको. कोन शे?"

"आबा, खरंच मीच शे. चार दिन व्हयनात, डोयाले डोया लागना नही. पोऱ्याले मन्हापासून दूर ठेवा. माले भेव वाटस."

"कोनं भेव?"

"मन्हंच," ती म्हणाली.

भुतं लबाड असतात हे मला ठाऊक. 'मीच सून' म्हणणारी भुतंही मी पाहिली होती. मी बायकोला हाक मारली, निखारे आण. आजवर दर खेपेला तिनंच चुलीतले निखारे काढून दिले होते, कधी का म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती बाळाला छातीशी धरून दारात उभी राहिली.

"देत नही."

"का?"

"बाळंतीण शे ती."

"ती नही, आत दुसरंच शे."

"लोकेस्न्या सुना उन्यात तवय आत दुसरंच होतं, मी मान्य करं. घरनी सून शे ते मन्हा हात उचलस नही." मग बाळाला सावरत म्हणाली, "आन् तुमनं भूत काय मांगी राह्यनं ते तरी ऐका. झोप मांगी राह्यनं. कोनतं भूत झोप मांगस हो?"

भूत कोंबडी मागतं, नारळ मागतं, हिरवी साडी मागतं. झोप मागणारं भूत माझ्याकडं आलं नव्हतं. आलंही असेल, मी धुरातून ऐकलं नसेल.

बायकोच्याच हट्टानं शेजाऱ्याच्या गाडीत घालून सुनेला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. अंगाऱ्याची पुडी मी खिशात घेतलीच. तिथली डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. तिनं सगळं ऐकलं आणि सांगितलं की बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं आजारी पडतं, हिला आजच ठेवून घ्यावं लागेल, घरी ठेवली असती तर हिच्या जिवाला धोका होता आणि बाळाच्याही.

मी छाती काढून म्हणालो, "बाई, मी भगत आहे." मला भांडायला आवडतं, तयारीनंच गेलो होतो.

ती म्हणाली, "बरं झालं. मग लोक तुमचं ऐकत असतील. अंगारा खुशाल लावा, पण गोळी एक दिवस चुकवायची नाही. धुरी नाही. मारणं नाही, तो गुन्हा आहे."

"मी मारत नाही, पाला लावतो."

"किती जोरात लावता, बाबा?"

मी बाळाच्या दुधाचा विषय काढला.

तीन आठवड्यांनी सून घरी आली. गोळ्या पुढं बरेच महिने चालल्या. पहिल्या दिवशी तिनं गोळीआधी अंगारा लावून घेतला, तो माझं मन राखायला, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. पदर तिनं परत घेतला, पण बोलणं मात्र माझ्याशी सरळ ठेवलं. मीही अडवलं नाही. एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आबा, मी दुसराना घरनी सून ऱ्हाती ते धुरी दिधी असती का?"

थाप मारता आली असती. मी म्हणालो, "दिधी असती."

तिनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "मंग त्या बायास्नं काय व्हयनं असीन?"

बरं झालेलं माणूस नारळ घेऊन माझ्याकडं येतं. जे बरं होत नाही ते परत येतच नाही. आणि इतकी वर्षं मी न येणाऱ्यांनाही बरं झालेल्यांतच धरत होतो.

मिरच्या बंद केल्या. आता कोणी आलं की झोप कशी आहे ते आधी विचारतो, अंगारा लावतो आणि स्वतः सोबत बसून धुळ्याला नेतो. आणि ज्या परत आल्या नाहीत, त्यांची गावं आठवून आठवून फिरतो आहे. चार घरं झाली. अमळनेराकडच्या एका घरी म्हातारी म्हणाली, सून तुमच्याकडं आणली त्याच सालात माहेरी गेली ती आलीच नाही. आता तिचं माहेर शोधायचं आहे. तिथं ती भेटली आणि तिनं शिव्या दिल्या, तर ऐकून घेणार, उलट बोलणार नाही. हे मला जमेल, यावर बायकोचा विश्वास नाही, म्हणून ती सोबत येणार आहे.