मूळ आजार वरच्या ओळीत

बेला गावचे आमचे जुने पेशंट मारोतराव कानाला पंचा गुंडाळून दवाखान्यात आले आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "बाई कुठी गेल्या?" त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पेशंटच्या खुर्चीशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमाले मालूमच नाई पडलं, साहेब." सुलभाला जाऊन महिना होत आला होता.

सुलभा माझी बायको. आदिलाबादेत मी कान-नाक-घशाचा दवाखाना थाटला, तेव्हा कागदपत्रांचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. समोर बसलेल्या माणसाचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला येतो आणि लिहिताना गफलत होते. एकदा तिचीही झाली. तेव्हापासून तिनं आपलं स्टूल पेशंटच्या शेजारी, त्याच्याच दिशेनं तोंड करून मांडलं. तेलुगू माणूस असला तर "ए चेवी?", नाहीतर "कोंता कान?" असं विचारायची, स्वतःच्या त्या कानाला हात लावायची आणि मगच लिहायची. मी चिडवायचो, "दिवसभर कान पकडून कुणाची माफी मागतेस?" वांकिडी गावची ती, उत्तर तयारच असायचं. "तुमच्या अक्षरापायी, साऱ्या पेशंटची."

पुढं विम्याची कागदपत्रं हैदराबादला जायला लागली. आजाराचं नाव पुरेना, त्याचा ठरलेला कोडचा आकडाही घालावा लागे. नुसतं 'कानाला दडे बसले' लिहून तिचं भागत नसे. घशातून कानात जाणारी नळी बंद झालीय, की उघडीच राहून स्वतःचा आवाज आत घुमतोय, प्रत्येकाचा आकडा निराळा. आणि नळी दुसऱ्या कशानं दाबली गेली असेल, तर ते मूळ कारण वरच्या ओळीत आणि नळी खालच्या. यात ती कुणालाच सूट देत नसे. मी घाईत उलटं सांगितलं की तिचं पेन थांबायचं.

मागच्या उन्हाळ्यात सर्दी नसताना तिच्याच डाव्या कानाला दडे बसले. मी त्याच दिवशी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं, नाकामागं गाठ दिसली, तिचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा ती स्टुलावर नाही, पेशंटच्या खुर्चीत बसली होती. पॅड मात्र मांडीवर होतं. "सांगा," म्हणाली आणि डाव्या कानाला हात लावला.

"डावी नळी बंद... कानात पाणी," मी म्हटलं.

"थांबले काऊन? पयले मूळ लिहा लागते ना?"

आयुष्यभर मी लोकांना वाईट बातम्या दिल्या. त्या दिवशी मात्र लहान मुलासारखा रडलो आणि रडतच "कॅन्सर" म्हणालो. तिनं तो शब्द वरच्या ओळीत लिहिला, नेहमीच्याच वळणदार अक्षरात. ती ओळ तिनं आधीच मोकळी सोडून ठेवली होती.

मग नागपूरच्या फेऱ्या झाल्या, औषधं झाली, तिचे हाल झाले. वाचवू नाही शकलो.

मारोतरावांना मी टेबलामागूनच विचारलं, "कोणता कान?" ते स्टुलाकडेच बघत राहिले. शेवटी मी उठलो आणि त्या स्टुलावर जाऊन बसलो, तिच्यासारखाच. समोर टेबल होतं आणि माझी रिकामी खुर्ची. इतकी वर्षं ती रोज इथून मला बघत होती...

"उजवा," मारोतराव हळूच म्हणाले. माझा हात आपोआप माझ्या उजव्या कानाकडे गेला, तिचा जायचा तसा. तो कान सोडून मला लिहिता येईना; या वेळी माफी कुणाची, ते मला ठाऊक होतं.