गरम सळईचं माप

शॉर्ट हा इंग्रजी शब्द मी शाळेत शिकलो, पण तो कळला भरतीच्या मैदानावर. विशीत पोलीस व्हायला गेल्तो. उंची मोजणाऱ्यानं पट्टी डोक्यावर टेकवली आणि माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाला, "शॉर्ट. पुढचा या." खेळ खलास! दोन वर्षांची पळापळ, कच्ची अंडी, आईनं बोललेला नवस, सगळं त्या एका शब्दात गेलं. मंग जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये लागलो, तो आजपर्यंत तिथंच आहे.

तिथंही हाच शब्द माझ्या बोकांडी बसला. भट्टीतून लालभडक सळई पळत येते आणि शिअरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर, तिचे बारा-बारा मीटरचे तुकडे पडतात. त्या मशीनवर मी. तुकडा बारा मीटरला कमी भरला की तो शॉर्ट. माल बाजूला पडतो आणि शिव्या मला. पहिल्या आठवड्यात मी टेपानं बराबर बारा मीटर कापत होतो, तरी निवल्यावर प्रत्येक सळई चार बोटं कमी. जुना मिस्त्री पोट धरून हसला. "अरे येड्या, लोखंड निवलं की आखडतं. गरमचं माप कधी खरं धरायचं न्हाई. चार बोटं सूट सोड." तेव्हापासून ती सूट माझ्या हातातच बसली. नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो, आणि चुकला तर चांगला झापतो.

लेक बारावी झाली आणि माझ्या डोक्यात भरती परत शिरली. बायको म्हणाली, "आवो, तिला इंग्रजी शिकायचंय."

"इंग्रजी काय कुठं पळून चाललीय का? वर्दी एकदा हुकली की हुकली," मी म्हणालो.

खरं सांगतो, मला वर्दीपेक्षा तो शब्द खोडायचा होता. मला म्हणाले ना शॉर्ट, मंग बघा म्हणावं माझी पोरगी. लेकीनं तोंडातून ब्र काढला नाही. कॉलेजात इंग्रजी घेतलं आणि पहाटे मैदानावर पळायलाही लागली.

आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर मी भरतीला लागते तेवढ्या उंचीची लाल रेघ मारली. रोज सकाळी ती अंथरुणातून उठली की पहिलं काम म्हणजे चौकटीला पाठ लावून उभं राहायचं. मी मिलमधला टेप घेऊन तयारच. डोक्यावर वही आडवी धरायची आणि पेन्सिलची खूण करायची. खूण लाल रेघेच्या जराशी वर यायची, ज्वारीच्या दाण्याएवढी. पण वर! मी मोटारसायकलवर गाणं म्हणत ड्यूटीला जायचो.

एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, शॉर्ट शब्द कुठून आला माहितीय? कापण्यावरून. शर्ट, स्कर्ट आणि तुमच्या मिलमधलं शिअर, सगळी एकाच घरची भावंडं. जे कापलं गेलं ते शॉर्ट."

"म्हणजे वीस वर्षं झाली, मी त्याच खानदानाची चाकरी करून राह्यलो म्हण की!" मी हसलो. तीही हसली. मंग ताटाकडं बघत म्हणाली, "म्हणजे आधी ते लांब होतं, नंतर कोणीतरी कापलं. जे पहिल्यापासून तेवढंच असतं, त्याला कशाला शॉर्ट म्हणायचं?" मी भाकरी मोडत होतो. पोरगी हुशार आहे, एवढंच मनात आलं.

भरतीच्या दिवशी पहाटे पाचला तिला मैदानावर सोडलं आणि गेटबाहेर थांबलो. कागद तपासणी, रांगा, ऊन. दिवसभर पोरी उभ्या. तिचा नंबर आला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेल्ते. ती बाहेर आली ती बूट हातात घेऊनच. म्हणाली, "अर्धा सेंटिमीटर कमी भरले."

माझं डोकंच फिरलं. "शक्यच न्हाई! मी रोज मोजतो. त्यांची पट्टीच खोटी आहे," म्हणून गेटवरच्या शिपायाशी भांडलो. त्यानं हात जोडले. लेकीनं दंडाला धरून मला गाडीपाशी आणलं.

घरी आल्याबरोबर तिला चौकटीला उभं केलं. खूण लाल रेघेच्या खाली पडली. टेप उलटा-सुलटा करून पाहिला, तरी खाली. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती उठली, परत मोजलं, तर ज्वारीच्या दाण्याएवढी वर!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस रात्रभर आडवा होतो तेव्हा लांबतो, आणि दिवसभर उभा राहिला की आखडतो. आणि मी वर्षभर माझ्या पोरीचं गरमचं माप घेत होतो! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. लोखंडाला सूट सोडली, पोटच्या पोरीला नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. बायकोसमोर, लेकीसमोर रडलो, लाज वाटली नाही.

"चुकलो गं बाई. हे तर मला कळायला पाहिजे होतं. तुझं वर्ष वाया घातलं."

तिनं दाराचा पडदा बाजूला सारला आणि चौकटीची आतली, तिच्या खोलीकडची बाजू दाखवली. त्या बाजूला मी कधी पाहिलंच नव्हतं. तिथंही तशीच लाल रेघ, आणि तिच्या खाली पेन्सिलच्या खुणा. पुढं बारीक अक्षरात वार आणि वेळ. सगळ्या संध्याकाळच्या, कॉलेजातून आल्यावरच्या. वर्षभराच्या. एकही रेघेच्या वर नव्हती.

"तुला माहिती होतं?"

"पहिल्या महिन्यातच."

"मंग सांगितलं का न्हाई? कशाला पळत होतीस रोज?"

"पप्पा, सकाळी टेप घेऊन तुम्ही कसे उभे राहायचे, माहितीय? दहावीच्या निकालाला पण एवढे खूश नव्हते तुम्ही."

वर्षभर मी तिला रोज मोजलं, पण तुला काय पाहिजे, हे एकदाही विचारलं नाही. मी टेप गुंडाळून खिशात टाकला आणि मंग विचारलं.